शुगर असणाऱ्यांनो, इतरांचा आधार घेताना या चुका टाळा

परळच्या एका क्लिनिकमध्ये मी शुगरच्या पेशंटना इन्शुलिन घ्यायला शिकवते. सुई टोचायला माणसं लवकर शिकतात. घरात, ऑफिसात आणि डॉक्टरांसमोर तोंड उघडणं मात्र वर्षानुवर्षं जमत नाही.

लपवणं. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ‘कशाला सांगायचं, लोक कीव करतात,’ असं म्हणणारे डोंबिवलीचे एक गृहस्थ माझ्याकडे येतात. सकाळी इन्शुलिन घ्यायचं आणि नाश्ता सीएसएमटीला ऑफिसात पोहोचल्यावर करायचा, हा त्यांचा हट्ट. इन्शुलिन घेतलं की खाणं वेळेवर हवं, हे कितीदा सांगून झालं होतं. एकदा पावसात गाडी कुर्ल्याच्या अलीकडे अडकली. त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, मग ते शेजाऱ्यावर खेकसू लागले. रोज एकाच डब्यातून जाणाऱ्या ग्रुपला वाटलं, सकाळीच पिऊन आलाय. सगळ्यांनी तोंड फिरवलं. एका कॉलेजच्या मुलाची आई इन्शुलिनवर होती म्हणून त्याने यांची साखर उतरल्याचं ओळखलं आणि आपल्याकडचं गोड सरबत त्यांना पाजलं. थोड्या वेळाने ते नीट बोलू लागले. ग्रुपमधल्या सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: आधी सांगितलं असतंस तर!

तेव्हापासून मी प्रत्येक पेशंटकडून नावं लिहून घेते. घरातलं एक, ऑफिसातलं एक, गाडीतलं एक. नावं दिल्याशिवाय खुर्चीवरून उठू देत नाही. त्या माणसांना एवढंच सांगायचं: मला घाम सुटला, मी असंबद्ध बोलू लागलो तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या, 15 मिनिटांनी शुगर तपासा, 70 च्या खालीच असेल तर पुन्हा द्या. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर सावकाश चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा.

डॉक्टरांना खूश करणं. तपासणीच्या आधी चार दिवस कडक पथ्य पाळून उपाशीपोटीचा आकडा छान आणणारे खूप भेटतात. एचबीए1सी ही रक्ताची तपासणी साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा हिशोब सांगते, तिथे हे चालत नाही. त्याहून वाईट म्हणजे परवडत नाहीत म्हणून गोळ्या एकाआड एक दिवस घेणं आणि ते न सांगणं. डॉक्टरांना वाटतं औषध पुरत नाही, ते आणखी एक गोळी वाढवतात. पैशांची अडचण असेल तर तसं स्पष्ट सांगा. स्वस्त पर्याय असतात, केईएम, सायन, नायरसारखी पालिकेची रुग्णालयंही आहेत. ओपीडीत वेळ कमी मिळतो, म्हणून प्रश्न कागदावर लिहून न्या आणि आत गेल्या गेल्या कागद पुढे करा.

घरच्यांना पहारेकरी बनवणं. ‘मी गोड खाल्लं तर ओरड’ असं बायकोला सांगू नका. दोघांचीही चिडचिड होते आणि मग माणूस चोरून खातो. त्यापेक्षा ‘रात्री जेवणानंतर माझ्याबरोबर चालायला चल’ म्हणा.

‘महिन्याभरात गोळ्या बंद’ सांगणाऱ्यांच्या मागे धावू नका. गोळी कमी करायची की नाही, हे डॉक्टर रिपोर्ट बघून ठरवतात. टाइप 1 म्हणजे शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही असा मधुमेह असेल तर इन्शुलिन एक दिवसही बंद करायचं नाही.

पायांना मुंग्या येत असतील तर चप्पल काढून डॉक्टरांना पाय दाखवा, नुसतं सांगून भागत नाही.

उदासीला आळस समजणं. रोजची सुई, रोजचे आकडे यांचा कंटाळा येतो, रडू येतं, ग्लुकोमीटर हातात घेववत नाही. अशा वेळी ‘मन खंबीर कर’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. मधुमेह असणाऱ्यांमध्ये नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं, आणि त्यावर उपचार आहेत. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आणि शुगरच्या डॉक्टरांनाही हे सांगा, कारण झोप आणि जेवण बिघडलं असेल तर इन्शुलिनचा डोस त्यांना नव्याने बसवावा लागतो.