दुसऱ्यांदा येणारा कार्यकर्ता: कोल्हापुरात सेवाभावी संस्थेचं वर्ष कसं सांभाळावं

अध्यक्षपदाची माळ गळ्यात पडते तेव्हा बहुतेकांच्या डोक्यात उपक्रमांची यादी असते. एवढी शिबिरं, एवढी झाडं, एवढ्या वह्या. वर्ष सरताना संस्थेजवळ शिल्लक राहतात ती माणसं. पहिल्यांदा येणारा पोरगा उत्साहानं येतो, मित्राबरोबर येतो, फोटोसाठीसुद्धा येतो. तो दुसऱ्यांदा आला, तर पहिल्या दिवशी त्याला नेमकं काम मिळालं होतं, वेळेवर चहा मिळाला होता आणि जाताना कुणीतरी त्याला नावानं हाक मारली होती असं समजावं. म्हणून पदभार घेतल्याच्या दिवशीच दोनशे पानी वही घाला. नाव, फोन, पेठ किंवा गाव, रक्तगट, दुचाकी आहे का, कुठल्या वेळी मोकळा असतो, आणि शेवटचा रकाना ‘कितव्यांदा आला’. वर्षभर डोळा ठेवायचा तो या शेवटच्या रकान्यावर.

आधी कागद. अनेक सेवा क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि कोल्हापुरात जुलै म्हणजे पंचगंगा चढायचे दिवस. बँकेत जुन्या अध्यक्षाची सही तशीच राहिली तर ऐन पुरात खात्यातला पैसा हलत नाही. ठरावाची प्रत, नव्या सह्या, केवायसी यात दोन-तीन आठवडे सहज जातात. त्यामुळं निवड झाली की त्याच आठवड्यात बँक गाठा. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर विश्वस्त किंवा कार्यकारिणी बदलल्याचा चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत द्यावा लागतो. जुने रिपोर्ट मंजूर आहेत का तेही तेव्हाच बघा. मागची साखळी तुटलेली असेल तर नवा रिपोर्ट अडकतो, आणि तो निस्तरायला जुन्या पदाधिकाऱ्यांच्या दारी जावं लागतं.

आता पूर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. तेव्हा ‘पूर आल्यावर बघू’ हे धोरण इथं चालत नाही. पाणी ३५ फुटांवर आलं की फोनची साखळी सुरू करा. एकानं पाच जणांना, त्या पाचांनी प्रत्येकी पाच जणांना. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मी येतो’ लिहिणाऱ्यांपैकी निम्मे धरावेत. फोनवर तोंडानं ‘येतो’ म्हणणारा सहसा येतो.

कार्यकर्त्यानं पाण्यात उतरायचं नाही. पट्टीचा पोहणारा असला तरी नाही. बोटीचं काम एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) आणि प्रशिक्षित बचाव पथकांचं. ओढत्या पाण्यात तुमचा एक मुलगा अडकला तर एक बोट त्याच्यामागं जाते आणि चिखली-आंबेवाडीतलं एखादं कुटुंब तितका वेळ गच्चीवर बसून राहतं. आपलं काम पाण्याच्या काठावर आणि निवारा केंद्रात आहे, आणि तिथं ते डोंगराएवढं असतं.

मदत चुकते ती बहुतेक वेळा वेळेत चुकते. पहिले तीन-चार दिवस लोक शाळेत किंवा मंगल कार्यालयात असतात. त्यांच्याजवळ चूल नसते, म्हणून तांदळाची पिशवी त्या दिवशी निरुपयोगी. तेव्हा शिजवलेलं जेवण, लहान मुलांना दूध, सॅनिटरी पॅड, चादरी आणि रक्तदाब-मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या लागतात. गोळ्यांसाठी डॉक्टर सोबत न्या, गोळीचं नाव विचारून आपल्या अंदाजानं काही देऊ नका. पाणी ओसरून लोक घरी परतले की शिधा द्यायचा. पाच माणसांच्या कुटुंबाला आठवडाभरासाठी तांदूळ ५ किलो, ज्वारीचं किंवा गव्हाचं पीठ ५ किलो, तूरडाळ १ किलो, तेल १ लिटर, साखर १ किलो, चहापूड पाव किलो, मीठ, कांदा-लसूण चटणी, काडेपेटी, अंगाचा आणि कपड्याचा साबण. चटणी हमखास राहते. ती असली की भाकरीबरोबर जेवण होतं, एखाद्या वेळी कालवण नसलं तरी चालतं. सोबत खराटा, फावडं, फिनेल आणि रबरी हातमोजे द्या, कारण घरात घोट्याएवढा गाळ असतो आणि खरे कष्ट तिथून पुढं सुरू होतात. जुने कपडे मात्र स्पष्ट नाकारा. ते निवडायला वीस माणसं अडकतात आणि शेवटी ढीग तिथल्या शाळेच्या आवारात कुजतो.

जनावरांचा विचार बाहेरून येणाऱ्या संस्थांना उशिरा सुचतो. करवीर-शिरोळमधली बरीच माणसं घर सोडत नाहीत ती म्हशींसाठी. एका म्हशीला दिवसाला साधारण २० ते २५ किलो ओला चारा, ५-६ किलो सुका आणि ५० लिटरच्या वर पाणी लागतं. म्हणजे चाळीस जनावरांच्या छावणीला रोज जवळजवळ एक टन ओला चारा. ऊस पाण्याखाली असल्यानं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळत नाही. कागल, गारगोटीकडच्या उंचावरच्या शेतकऱ्यांशी मे महिन्यातच बोलून ठेवा. वाहतुकीचा रस्ताही तेव्हाच ठरवा, कारण मोठ्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडतो आणि पन्हाळ्याकडचा रस्ताही तुटतो.

गणपतीचं काम पुरापेक्षा सोपं वाटतं, पण माणसं इथंच जास्त थकतात. कोल्हापुरात घरगुती विसर्जनाचा खरा लोट गौरीबरोबर येतो, अनंत चतुर्दशीला सार्वजनिक मंडळांची मिरवणूक असते आणि ती दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. दोन्ही दिवसांना एकच नियोजन लावू नका. गौरी-गणपतीला दुपारी तीन ते रात्री दहा सर्वात जास्त हात लागतात, तर चतुर्दशीला रात्रीची तुकडी वेगळी हवी. चार तासांच्या वर कुणाला उभं ठेवू नका. निर्माल्याच्या टेबलावर दोन जण असावेत. एकानं हात जोडून निर्माल्य घ्यायचं, दुसऱ्यानं तिथल्या तिथं दोरा, प्लास्टिकची पिशवी, थर्माकोल आणि नारळ बाजूला काढायचा. हे मागाहून करू म्हटलं की होत नाही. दोऱ्यासकट गेलेल्या निर्माल्याचं खत होत नाही, ते कचऱ्यातच जातं. आणि मूर्तिदानाचा, म्हणजे मूर्ती नदीत न सोडता आपल्याकडं देण्याचा, आग्रह कधीही भांडून करू नये. घरातल्या आजींना ‘आरती करा आज्जी, आम्ही थांबतो’ म्हटलं तर त्या बहुतेकदा स्वतःच मूर्ती हातात देतात.

कुठल्याही पेठेत उपक्रम घेण्याआधी तिथल्या तालमीत, म्हणजे आखाड्याभोवती उभ्या राहिलेल्या पेठेच्या मंडळात, जाऊन या. परवानगी महापालिकेची असते, पण मंडप कुठं घालायचा, पाणी कुठून घ्यायचं, लाइट कुणाच्या घरातून ओढायची हे तालमीचे कार्यकर्ते सांगतात. नुसतं पत्र पाठवू नका, जाऊन बसा.

रक्तदान शिबिर सगळेच घेतात, पण तारीख चुकते. नेत्यांच्या वाढदिवसांना एकाच आठवड्यात शिबिरांची गर्दी होते आणि एप्रिल-मे मध्ये कॉलेजं बंद, गावं रिकामी, रक्तपेढ्या कोरड्या. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स पाचच दिवस. डिसेंबरमधल्या दोनशे पिशव्या मे महिन्यातल्या थॅलेसेमियाच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) मुलाला उपयोगी पडत नाहीत, आणि त्या मुलाला दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच. म्हणून आधी रक्तपेढीला विचारा की तुम्हाला कधी हवं आहे, मग तारीख ठरवा. मे महिन्यातल्या चाळीस पिशव्या आम्हाला जास्त मोलाच्या वाटतात.

हिशोब असा बांधा. अर्ज, हिमोग्लोबिन तपासणी, रक्त देणं आणि विश्रांती मिळून एका दात्याला ३५ ते ४५ मिनिटं. एका खाटेवर तासाला तीन दाते होतात. पाच खाटा, सकाळी नऊ ते एक, म्हणजे साठच्या आसपास. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, पुरुषांना तीन महिन्यांचं आणि महिलांना चार महिन्यांचं अंतर. वर्षाच्या आत टॅटू काढलेल्यांना परत जावं लागतं, हे जाहिरातीतच छापा, म्हणजे पोरं हिरमुसून जात नाहीत. हिमोग्लोबिन कमी निघालेल्या मुलीला ‘नको’ म्हणून वाटेला लावू नका. आकडा कागदावर लिहून द्या, डॉक्टरांना भेटायला सांगा आणि तिला नोंदणीच्या टेबलावर बसवा. तीच दुसऱ्यांदा येते.

सर्वात अनुभवी माणूस चहा-बिस्किटांच्या टेबलावर ठेवा. चक्कर येते ती खाटेवर क्वचित, उठून चार पावलं चालल्यावर जास्त. ओठ पांढरे पडले, कपाळावर घाम आला, बोलता बोलता गप्प झाला की त्याला आहे तिथंच आडवं करायचं, पाय उंच धरायचे, भोवतीची गर्दी हटवायची आणि डॉक्टरांना हाक द्यायची. पूर्ण शुद्धीवर आल्यावरच पाणी द्यायचं. उपाशी आलेल्याला आधी पोहे खायला घाला, मग रांगेत उभं करा.

कॉलेजच्या मुलांचं वेळापत्रक विद्यापीठाच्या परीक्षांवर चालतं, त्या काळात मोठा उपक्रम ठेवू नये. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) मुलांना वर्षाला १२० तास भरायचे असतात. तुमच्या कामाचे तास त्यांच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या संमतीनं धरता येतात का ते आधी विचारा. अठरा वर्षांखालच्यांकडून पालकांचं पत्र घ्या.

पैशाला पावती, मग ती पन्नास रुपयांची असो. पावतीपुस्तकं क्रमांकानं वाटा आणि परत आलेल्यांची नोंद ठेवा. पुरात हीच पुस्तकं हरवतात आणि संशय तिथून सुरू होतो. संस्थेला देणगीवरच्या आयकर सवलतीची (८०जी) मान्यता असली तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर दात्याला सवलत मिळत नाही. हे त्याला पैसे घेतानाच सांगा, मार्चमध्ये नव्हे. रोजचा खर्च त्याच रात्री लिहावा, बिलाच्या पाठीवर कुणी आणि कशासाठी आणलं ते टिपून.

वर्ष संपायच्या दोन महिने आधी पुढचा अध्यक्ष ठरलेला असावा आणि शेवटचे दोन उपक्रम त्यानं चालवावेत. जुन्यानं मागं उभं राहायचं. सुपूर्द करायच्या वस्तूंची यादी करा: शिक्का, पावतीपुस्तकं, चेकबुक, ठरावांचं रजिस्टर, ऑडिट रिपोर्ट, ईमेल आणि बँकेच्या ॲपचे पासवर्ड, मेगाफोन, ताडपत्र्या, गोडाऊनची किल्ली. चाऱ्याबाबत बोलून ठेवलेले शेतकरी, तालमीतली माणसं, रक्तपेढीतले समन्वयक यांचे नुसते नंबर देऊ नका, नव्याला घेऊन प्रत्येकाकडं जाऊन या. मग ती दोनशे पानी वही उघडा. ‘कितव्यांदा आला’ या रकान्यात तीनच्या वर आकडा असलेली नावं काढा आणि नव्या अध्यक्षाला शेजारी बसवून त्याच्याच फोनवरून एकेकाला फोन लावायला सांगा.