मुलांना दारूपासून दूर ठेवायचं तर आधी गावाची संध्याकाळ सांभाळा: शाळा आणि गाव मिळून उपक्रम कसा चालवावा

२६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन असतो. बहुतेक शाळांतून प्रभातफेरी निघते, मुलं घोषणा देतात, शपथ घेतात, फोटो ग्रुपवर पडतात. त्याच दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराला एसटी थांब्यामागे जाऊन बघा. सकाळी फलक धरलेला एखादा मुलगा तिथे मोठ्या पोरांच्या घोळक्यात उभा असतो. तो अजून पीत नसेल, पण चखण्याचा पुडा त्याच्या हातात असतो.

शाळेत आणि गावात मी हे काम बरीच वर्षं करतोय. पहिली दोन वर्षं भाषणांत गेली. दारू वाईट, हे मुलांना आपल्याइतकंच ठाऊक असतं. बऱ्याच जणांना ते घरातच कळलेलं असतं. खरी अडचण संध्याकाळी सहा ते नऊची. शाळा सुटलेली, आईवडील रानात नाहीतर कामावर, मैदानाला कुलूप, आणि बोलवणारे फक्त थांब्यामागचे. म्हणून उपक्रम आखताना हे तीन तास डोळ्यांपुढे ठेवा, बाकीचं त्याच्याभोवती बसवा.

माणसं जमवा

समिती मोठी नको. पाच-सहा जण पुरेत: मुलं ज्यांच्याशी बोलतात असे एक सर किंवा बाई, शाळा व्यवस्थापन समितीतला एखादा पालक, आशाताई, बचत गटातल्या एक-दोघी, आणि तालीम किंवा कबड्डीचा संघ चालवणारा विशी-पंचविशीतला तरुण. हा तरुण सगळ्यांत महत्त्वाचा, कारण पोरं त्याच्यासारखं व्हायला बघतात. आठवी-नववीतले दोन मुलगे आणि दोन मुली पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या. कोणती गोष्ट चालेल आणि कोणती हसण्यावारी जाईल, हे तेच सांगतात.

गावाचा नकाशा काढा

ड्रॉइंगचा मोठा कागद घ्या आणि मुलांकडूनच गावाचा नकाशा काढून घ्या. मग विचारा: रिकामी क्वार्टर कुठे पडलेली दिसते? कुठून जायला मुलींना भीती वाटते? संध्याकाळी पोरं कुठे बसतात? प्रत्येक उत्तराला एक लाल टिकली. आमच्या नकाशावर सर्वांत जास्त टिकल्या पाण्याच्या टाकीमागे आणि शाळेच्याच मागच्या भिंतीला लागल्या होत्या. तो कागद ग्रामसभेत भिंतीवर लावला, तेव्हा कुणाला भाषण करावं लागलं नाही. सरपंचांनी टाकीमागे दिवा बसवायचं तिथल्या तिथे कबूल केलं.

खरे आकडे मुलांपुढे ठेवा

‘सगळेच पितात’ असं मुलांना वाटत असतं, आणि हा समज फार घात करतो. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १० ते १७ वयोगटात दारू पिणाऱ्यांचं प्रमाण १.३ टक्के होतं. म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णवहून जास्त जण पीत नाहीत. न पिणारा मुलगा स्वतःला वर्गात एकटा समजतो, आणि खरं तर अख्खा वर्ग त्याच्या बाजूला असतो. आपल्या शाळेतही नाव न लिहिता चार प्रश्नांची चिठ्ठी भरून घ्या आणि आकडे आठवड्याच्या आत फळ्यावर मांडा. पण कुणी काय लिहिलं हे अक्षरावरून ओळखायचा प्रयत्न कुणीही करू नये. तसं एकदा जरी झालं, तरी पुढच्या चिठ्ठ्या कोऱ्या येतील.

वर्गात काय घ्यायचं

सडलेल्या यकृताचे फोटो दाखवून मुलं दोन मिनिटं गप्प होतात, एवढंच. त्यापेक्षा वर्गात एक प्रश्नांचा डबा ठेवा. आमच्या डब्यात सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न होता: ‘बियर म्हणजे दारू नाही ना?’ त्याचं उत्तर गणितानं द्या. स्ट्राँग बियरची ६५० मिलीची बाटली, त्यात ८ टक्के अल्कोहोल धरलं तर ५२ मिली. व्हिस्कीचा मोठा पेग ६० मिली, त्यात ४२.८ टक्के, म्हणजे साधारण २६ मिली. एक बाटली बियर म्हणजे जवळजवळ दोन मोठे पेग. मुलांनी वहीत हा हिशेब स्वतः केला की तो विसरत नाहीत. जोडीला दोन गोष्टी सांगा. मेंदूची वाढ विशी ओलांडल्यावरही चालू असते. आणि पंधराच्या आत प्यायला लागणाऱ्यांना पुढे व्यसन जडण्याचा धोका उशिरा सुरुवात करणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठा असतो.

मग नाही म्हणायचा सराव घ्या. हा प्रत्यक्ष उभं राहूनच करायचा, धड्यासारखा वाचून नाही. एकानं आग्रह करायचा: ‘घे की, एका घोटानं काय होतंय? बायल्या आहेस का?’ दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. सुरुवातीला मुलं ‘दारू आरोग्यास हानिकारक आहे’ असलं काहीतरी म्हणतात आणि वर्ग हसतो. मग हळूहळू त्यांची स्वतःची वाक्यं निघतात. ‘सकाळी भरतीचं रनिंग आहे.’ ‘गाडी माझ्याकडे आहे, तुम्हाला सोडायचंय मला.’ ‘नको म्हटलं ना, विषय संपला.’ एका मुलीनं सांगितलेली युक्ती मला फार आवडली: हातात सरबताचा ग्लास भरलेला ठेवायचा, म्हणजे कुणी विचारतच नाही. ही वाक्यं पोरांच्याच शब्दांत राहू द्या, त्यांची भाषा सुधारायला जाऊ नका.

संध्याकाळ भरा

इथे सर्वांत जास्त ताकद लावा. आइसलँडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्याभरात कधीतरी दारूनं झिंगलेली होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. तिथे त्यांनी दरवर्षी मुलांना प्रश्न विचारले, खेळ आणि कलांच्या वर्गांसाठी पालकांना पैशाची मदत दिली, लहानांनी रात्री ठरावीक वेळेनंतर एकट्यानं बाहेर राहू नये असा नियम पाळला, आणि पालक स्वतः गटानं रात्री फेऱ्या मारू लागले. देश लहान आणि श्रीमंत आहे, हे खरं. पण यातली निम्मी कामं आपल्याकडे फुकटात होतात.

पहिलं काम, मैदानाची किल्ली. शाळेचं फाटक संध्याकाळी कोण उघडणार, कोण लावणार, हे नावानिशी ठरवा आणि नोटीस बोर्डावर लिहा. एक मोठा एलईडी दिवा लावा. कबड्डी, व्हॉलीबॉल, लेझीम, जे गावात मुरलेलं आहे तेच घ्या. मुलींसाठी वेगळे दिवस नव्हे, वेगळी वेळ ठेवा आणि घरापर्यंत सोबत द्या, नाहीतर आठवड्याभरात मैदानावर मुलगेच उरतात. खेळात रस नसणाऱ्यांसाठी ग्रामपंचायतीची एक खोली मागा, तिथे पुस्तकं, कॅरम, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास. आणि कबड्डीच्या बक्षिसाला परमिट रूमच्या मालकाचे पैसे घेऊ नका. रक्कम मोठी असते, मोह होतो; पण मग पोरांच्या टी-शर्टवर बारचं नाव येतं.

सणांची वही ठेवा

मुलाचा पहिला घोट सहसा एखाद्या ठरलेल्या दिवशी होतो. हळद, वरातीचा डीजे, गटारी, विसर्जनाची रात्र, धुळवड, थर्टी फर्स्ट, निवडणूक. वर्षाच्या सुरुवातीला हे दिवस वहीत मांडा आणि प्रत्येक दिवशी मुलांच्या हाताला काम द्या. गटारी म्हणतात ती मुळात दिव्यांची अमावास्या. त्या संध्याकाळी मुलांकडून घरोघरचे दिवे घासून शाळेत दीपपूजन घ्या. विसर्जनाला लेझीम पथक उतरवा. ३१ डिसेंबरला अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ म्हणत चौकाचौकात दूध वाटतात. ते आपल्याही गावात सहज होतं.

मोठ्यांशी बोला

हे अवघड आहे. हळदीत मामाच भाच्याच्या हातात ग्लास देतो, ‘घे रे, घरच्यांपुढे घेतलेली बरी’ म्हणतो. पालकसभेत हा विषय काढताना कुणाकडे बोट दाखवू नका. फक्त तीन गोष्टी मागा: मुलाला दारू आणायला पाठवायचं नाही, त्याच्यासमोर बैठक घालायची नाही, त्याला चव द्यायची नाही. आणि कायदा सांगा. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ नुसार १८ वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम ७८ नुसार मुलाकडून दारू विकून किंवा वाहून घेणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा आहे. महाराष्ट्रात सौम्य बियर आणि वाइनसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ लागतं, हे अनेक पालकांना पहिल्यांदाच कळतं.

दुकान आणि गुत्ता

अल्पवयीनांना विक्री होत असेल तर आधी दुकानदाराला समितीनं जाऊन भेटावं, मग ग्रामसभेच्या ठरावासह राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे आणि पोलिसांकडे लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी. मुलांना कधीही छापा घालायला, बाटल्या पकडायला पुढे करू नका. गडचिरोलीत गावोगावच्या लोकांनी, त्यातही बायकांनी, रेटा लावला म्हणून १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चोरटी विक्री तरीही उरलीच, म्हणून २०१६ पासून तिथे ‘मुक्तिपथ’ या व्यसनविरोधी अभियानात गाव संघटना, प्रबोधन, अंमलबजावणी आणि उपचार ही चारही कामं एकत्र चालवली गेली. यातलं एक सोडलं की बाकीची तीन लंगडी पडतात, हा माझाही अनुभव आहे.

जो अडकला आहे त्याच्यासाठी

प्यालेला मुलगा सापडला तर शाळेतून काढू नका. काढलं की त्याला दिवसभर थांब्यामागेच जागा उरते. एकट्याला घेऊन बसा, काय झालं ते ऐका, घरच्यांना बोलवा ते त्याला सांगून. ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे समुपदेशक भेटतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मनावरच्या ताणासाठी टेली-मानसचा १४४१६ आणि मुलांच्या संरक्षणासाठी १०९८ हे तिन्ही क्रमांक शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा.

मुलांचे वडील पीत असतील तर एक काळजी घ्या. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. ‘बाबांची बाटली फोडून टाक’ असा सल्ला मुलाला देऊ नका. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते.

डब्यातली एक चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. पेन्सिलीनं लिहिलेली, चार घड्या घातलेली. ‘बाबा पिऊन आले की आईला मारतात. मी मध्ये पडू की बहिणीला घेऊन बाहेर जाऊ?’ नाव नव्हतं, आणि आम्ही शोधलंही नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्या वर्गाला सांगितलं: अशा वेळी मध्ये पडायचं नाही, लहान भावंडांना घेऊन शेजारी जायचं, ११२ ला फोन करायचा, आणि हे तुमच्यामुळे होत नाही. मग बचत गटातल्या दोघींनी आपली घरं त्यासाठी रात्री उघडी राहतील असं सांगितलं. त्यातलं एक घर शाळेच्या अगदी समोर आहे. त्या ताई रात्री झोपताना पुढच्या दाराची कडी लावत नाहीत.