ट्रक आधी, पाऊस नंतर

राहुरीहून बीएस्सी ॲग्री झालेल्या एका मुलीचा मध्यंतरी फोन आला. "दादा, आफ्रिकेत शेतकऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेत जायचंय. कुठला कोर्स करू?" मी उलट विचारलं, गोडाऊनचं स्टॉक रजिस्टर कधी लिहिलंयस का? ती जराशी हिरमुसली. तिला बहुधा एखाद्या परदेशी विद्यापीठाचं नाव हवं होतं.

मी पश्चिम केनियात, काकामेगाजवळ एका छोट्या संस्थेत तीन हंगाम काढले. नाव सांगून कुणाला कळणार नाही, इतकी छोटी. शेजारच्या बंगोमातली वन एकर फंड ही संस्था मात्र सगळ्यांना ठाऊक. अँड्र्यू यून या अमेरिकन तरुणानं एमबीए करता करता 2006 मध्ये चाळीसेक कुटुंबांपासून ती सुरू केली. पंधरा वर्षांत ती रवांडा, बुरुंडी, टांझानिया करत दहा लाख कुटुंबांच्या पुढे गेली. आमच्याकडे कुणालाही विचारा, सगळे त्यांच्याच पद्धतीकडे बघून शिकत होते.

पद्धत ऐकायला साधी आहे. रोख कर्ज द्यायचं नाही. बियाणं आणि खत उधारीवर द्यायचं, तेही घरापासून चालत जाता येईल इतक्या जवळ. लागवड शिकवायची, विमा उतरवायचा, आणि परतफेड हंगामभर जमेल तशी थोडी थोडी घ्यायची. शिकवण्यात फारसं अवघड काही नाही. गाठी मारलेली दोरी घ्यायची, दोन ओळींत 75 सेंटीमीटर, दोन रोपांत 25, आणि मक्याची टोकण करायची. मुठीनं फेकायचं नाही. खत झाकणानं मोजून, बियाला चिकटणार नाही असं. आपल्याकडच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही.

खरी गोम वेळेची. तिथला मोठा पाऊस मार्चमध्ये येतो, तो तुमच्या ट्रकसाठी थांबत नाही. खत मोंबासा बंदरात उतरतं, तिथून बंगोमा जवळजवळ नऊशे किलोमीटर. म्हणजे कोणाला किती गोण्या लागणार हे कित्येक महिने आधी, गावोगाव बसून लिहून घ्यावं लागतं. चाळीस कुटुंबं असताना हे वहीत मावतं, एक पिकअप पुरते. चाळीस हजार झाली की त्याच वहीची गोदामं, ट्रक, वाटपाची ठिकाणं आणि याद्या होतात, आणि एका गावातल्या तीन सारख्या नावांचा घोळ वाटपाच्या सकाळी उघडा पडतो. संस्था वाढते म्हणजे हे वाढतं. अहवालातले फोटो मागाहून येतात.

माझाच किस्सा सांगतो. पहिल्या वर्षी एका वाटपाची तारीख मी ठरवली. रस्ता पाहिला, ट्रक पाहिला, हवामान पाहिलं. त्या दिवशी गावाचा बाजार असतो हे मात्र कुणाला विचारलं नाही. ट्रक सकाळी आठला शाळेच्या मैदानात उभा, आणि माणसं सगळी बाजारात कोंबड्या विकायला. दुपारी तीनला आभाळ फाटलं. ताडपत्री दोन हात तोकडी पडली. वरखताचं कॅन, म्हणजे कॅल्शियम अमोनियम नायट्रेट, हवेतलीसुद्धा ओल धरतं, इथे तर पाणीच शिरलं. गोण्यांत दगड झाले. नंतर एक आजी ते ढेकूळ ओंजळीत घेऊन माझ्यापुढे उभी राहिली, काही बोलली नाही. त्या गोण्या आम्ही बदलून दिल्या, पण आठ दिवस गेले.

वसुलीबद्दल नवख्यांना उगाच संकोच वाटतो. गरिबाकडून पैसे काय घ्यायचे! पण वन एकर फंड एवढी पसरली त्यात परतफेडीचा मोठा हात आहे. शेतावरच्या खर्चाचा बराचसा भाग त्यातून निघतो, देणगीदाराचा पैसा नव्या जिल्ह्याला लागतो. आधी रोख पैसे खिशात घेऊन सायकलवर फिरायचं, पावत्या फाडायच्या. एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय आल्यावर ते फोनवर गेलं, आणि चुका, चोऱ्या, भांडणं सगळंच कमी झालं. तुम्हाला तिथे काम मिळालं तर एक आठवडा तरी वसुलीच्या बैठकांना बसा. मका निघाल्यावर भाव पडलेला असताना बाई तो का विकून टाकते, हे तिथेच कळतं: जानेवारीत शाळेची फी असते.

आता नोकरीचं. गावपातळीवरची कामं तिथल्याच लोकांना मिळतात, आणि ते बरोबरच आहे. बाहेरच्याला जागा असते ती पुरवठा, हिशेब, माहितीचं विश्लेषण आणि शेतीच्या चाचण्यांत. चाचण्यांत शिकलेलं घरीही कामाला येतं, हे मला मक्यावरच्या लष्करी अळीनं दाखवलं. आफ्रिकेत ती 2016 मध्ये दिसली, आपल्याकडे 2018 मध्ये. गावाकडून भाऊ पोंग्यातल्या अळीचे फोटो पाठवायचा, आणि मी त्याला उपाय सांगायचो ते काकामेगात शिकलेले.

भाषेला घाबरू नका. स्वाहिलीत दुकान म्हणजे 'दुका', गाडी म्हणजे 'गारी', हिशोब 'हेसाबु', विमा 'बिमा'. पहिला आठवडा एवढ्यावर निघतो. पण गावात तिथली लुह्या बोली बोलतात, तिथे आपलं स्वाहिलीही पाहुण्याचंच.

त्या मुलीचा परवा मेसेज आला. गावाजवळच्या शेतकरी कंपनीत जूनमधल्या सोयाबीन बियाणं वाटपाला उभी राहणार आहे, यादी तिनंच केलीय. मी लिहिलं, त्या दिवशी बाजार नाही ना?

दोन तासांनी उत्तर आलं: "तारीख बदलली."