गुऱ्हाळावर रेकॉर्डिंगला निघालाय? एक मिनिट गप्प उभं राहायचं आधी लिहून ठेवा

गेल्या फेब्रुवारीत कोल्हापूरजवळ शिये गावाच्या बाजूला एका गुऱ्हाळावर पॉडकास्टसाठी रेकॉर्डिंगला गेलो आणि अख्खा एपिसोड घालवून बसलो, म्हणून हे लिहितोय. आवाजाची पत्रकारिता शिकताय, पहिल्यांदा बाहेर जाताय, तर हे आदल्या रात्री वाचा. तिथं पोचल्यावर वाचून काही होत नाही.

चार्जिंग, जादा सेल, पॉवरबँक, हे सांगत बसत नाही. कार्ड रिकामं करून रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाईल. मोनोत, म्हणजे एकाच चॅनेलवर, तासाला साधारण अर्धा जीबी लागतो, म्हणजे जागा वाचवायला एमपीथ्रीत रेकॉर्ड करायची काहीच गरज नाही. मोबाईलवर करत असाल तर एअरप्लेन मोड, नाहीतर ऐन बोलण्यात फोन येतो. माईकला स्पंजची टोपी घालाच, नदीकाठाला सकाळी वारं असतं आणि ते कानाला नुसतं गार लागतं पण माईकमध्ये गडगडाट होतो. आणि हेडफोन कानावर, गळ्यात नाही.

आता रूम टोन. मुलाखत झाली की त्याच जागी, तोच माईक, तीच लेव्हल ठेवून कोणीही न बोलता निदान एक मिनिट जागेचा आवाज घ्यायचा. एवढंच. मी घेतला नाही. एडिटिंगला बसल्यावर समोरच्याचं खोकणं, अडखळणं, माझं मधेच बोलणं कापलं की तिथं भोक पडतं, मागचा आवाज टपकन बंद होऊन परत सुरू होतो, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच टोचतं. ते भोक बुजवायला त्याच जागेचा मोकळा आवाज लागतो. नेटवरनं उतरवलेला चालत नाही, मी लावून बघितला, दुसऱ्याच गावचा वाटतो.

गुऱ्हाळावर तर एकदा घेऊनही भागत नाही, हे मला फार उशिरा कळलं. रस काहिलीत पडतो तेव्हा बाजूला घाणा चालू असतो, इंजिनाची धडधड असते. मग रस उकळायला लागतो, पातळ असतो तोवर खळखळ. अडीच-तीन तासांनी पाक घट्ट होत आला की तीच काहिल रटरट, फदफद करते, आवाजच जाड होतो. मळी वर यावी म्हणून भेंडीचं पाणी घालतात, त्याबद्दल गूळ शिजवणारे गुळव्या आण्णा सगळ्यात चांगलं बोलले ते एकदम शेवटी, पाक उतरवायच्या आधी. मी ते वाक्य उचलून सुरुवातीला लावलं आणि खळखळीत एकदम रटरट, वाक्य संपलं की परत खळखळ! तोंडी बोलणं सलग आणि मागं काहिल उड्या मारतेय. टोन असता तर एकाखाली दुसरा हळूहळू मिसळता आला असता. म्हणून घाणा चालू असताना एक मिनिट, खळखळीला एक मिनिट, रटरटीला एक मिनिट, गूळ वाफ्यात ओतला की परत एक मिनिट. वहीत लिहा, हातावर लिहा, काहीही करा पण घ्या. नंतर आण्णांना फोन केला तर म्हणाले, "पोरा, चुलवाण विझलं की आता, दिवाळीनंतर ये." एका मिनिटासाठी आठ महिने.

लोकांना आधीच सांगून ठेवा की शेवटी एक मिनिट सगळे गप्प राहणार आहोत. आयत्या वेळी सांगितलं की माणसं हसतात, कोणतरी "झालं काय?" विचारतंच, आणि आपण संकोचून मशीन बंद करतो. माझं तेच झालं. संकोच करू नका, आपलं कामच आहे ते.

बोलताना माईक तोंडापासून एक वीत, जरा बाजूला, समोर धरला की प, फ, भ फुटतात. लेव्हल बघायला "सकाळी काय खाल्लं?" विचारा, मिसळीवर माणूस मोकळा बोलतो. रेकॉर्डरच्या मीटरवर आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दे, आपल्याकडं माणूस रंगात आला की आवाज चढतोच, तेवढी जागा वर पाहिजे. नाव, गाव, परवानगी त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करा. ते बोलत असताना "हं, हं" नको, नुसती मान हलवा. आणि ऐकणाऱ्याला दिसत नाही हे डोक्यात ठेवून विचारा. पाक झाला का हे आण्णा थेंबभर पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतात. मी नुसता बघत राहिलो, टेपवर दहा सेकंद काहीच नाही. "करताकरता सांगा की आण्णा" एवढं म्हणायला हवं होतं.

निघायच्या आधी हेडफोन लावून शेवटची फाईल ऐका. टोन घेतला का ते बघा. नसेल तर गाडीवरनं उतरा आणि परत जा.

घरी आल्यावर दोन ठिकाणी कॉपी, मगच जेवण. फाईलींना नावं त्याच दिवशी द्या, टोनच्या फाईलींना वेगळी. मग ऐकून मिनिटं टिपा, ऑडॅसिटीत (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर) कापा, टोन खाली पसरवा, पॉडकास्ट असेल तर लाउडनेस, म्हणजे एकूण आवाज कानाला किती मोठा लागतो ते, उणे १६ लफ्स (त्याचं माप, LUFS), रेडिओला द्यायचं असेल तर त्यांनाच विचारा. शेवटी मोबाईलच्या साध्या स्पीकरवर एकदा ऐका. दिवाळी झाली की मी परत शियेला जातोय, ह्या खेपेला चारही मिनिटांचा टोन घेतल्याशिवाय परतायचं नाही.