भंडारदऱ्याला जायचंय? आधी महिना सांगा

भंडारदऱ्याचं काही विचारायला कोणी फोन केला की मी आधी विचारते, "कोणत्या महिन्यात?" कारण सप्टेंबरचे फोटो बघून मे महिन्यात पोचलेली मंडळी तलावाकाठच्या शेंडी गावाच्या चौकात उभी राहून "तलाव कुठंय?" असं विचारताना मी ऐकली आहेत.

हा तलाव म्हणजे प्रवरेवरच्या विल्सन धरणाचा साठा, सुमारे ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट पाणी. दगडी बांधणीचं हे धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. पाणी अडवलंय ते खालच्या शेतीसाठी. उन्हाळ्यात शेतीला पाण्याची आवर्तनं (पाळ्या) सुटली की काठ मागे सरकतो आणि गाळ उघडा पडतो. वरून तो छान भेगाळलेला, वाळलेला दिसतो, पण पाण्याच्या कडेला पाय टाकला की घोट्याच्या वर रुततो. पोरांना तिकडे सोडू नका.

तरी मेअखेर ते पहिला दणकून पाऊस होईपर्यंत जाच, पण तलावासाठी नाही, काजव्यांसाठी. घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेतच्या बाजूला सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर ते लखलखतात. एक झाड पेटतं, विझतं, मग शेजारचं. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते आणि रात्रीच्या वेळांचे नियम असतात. ते निघायच्या आधी विचारून घ्या. तिथे गाडीचे हेडलाइट बंद, मोबाईलचा फ्लॅश बंद. टॉर्चला लाल जिलेटिन कागद रबरबँडने लावून न्या, पायाखालचं दिसायला तेवढं पुरतं. काजवा बरणीत भरणारा एक तरी काका दरवर्षी भेटतोच. त्याला मी सरळ सुनावते.

जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे बघा, रंधा बघा, तंबूच्या भानगडीत पडू नका. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, म्हणून रजा टाकून मधल्या वारी या. धरणाखालचा अंब्रेला धबधबा मात्र पावसावर चालत नाही. मोरीतून पाणी सोडलं तरच तो गोल खडकावरून छत्रीसारखा पसरतो.

माझं विचाराल तर सप्टेंबरअखेर ते डिसेंबर. तलाव काठोकाठ, सुरुवातीला पठारांवर सोनकीची पिवळी फुलं, आणि रस्ते वाळलेले. मुंबईहून कसारा घाट, इगतपुरी, मग घोटीला महामार्ग सोडायचा. आम्ही नाशिककरही घोटीलाच वळतो. पुण्याची मंडळी संगमनेर-अकोले-राजूरवरून येतात. रेल्वेने आलात तर इगतपुरीला उतरा. पेट्रोल आणि रोख पैसे घोटीत किंवा राजूरलाच भरून घ्या. पुढे रेंज जाते आणि रेंजबरोबर यूपीआयही.

तलावाला पूर्ण फेरी मारणारा रस्ता आहे, चाळीस किलोमीटरच्या वर. शेंडीहून सकाळी लवकर निघा, आधी रतनवाडी गाठा. तिथल्या अमृतेश्वराच्या देवळाच्या काळ्या दगडावर कोवळं ऊन तिरपं पडतं तेव्हा कोरीव काम उठून दिसतं. अकरानंतर सगळं सपाट. देवळाजवळची पुष्करिणी चुकवू नका, तिच्या भिंतीतल्या कोनाड्यांत मूर्ती आहेत. होडीनेही रतनवाडीला जाता येतं. लाइफ जॅकेट नुसतं अंगावर टाकू नका, सगळे पट्टे आवळा. खांद्याला धरून वर ओढल्यावर ते हनुवटीपर्यंत आलं तर ढिलं आहे.

पुढे साम्रदला सांदण दरी. पावसाळ्यात तिथे उतरायचं नाही म्हणजे नाही, वर कुठे सर कोसळली तर दरीत पळायला जागाच नसते. कोरड्या दिवसांतही गावातला वाटाड्या घ्या आणि भिजले तरी चालतील असे बूट घाला, आत पाण्याचे डोह लागतात. मग घाटघरचा कोकणकडा, आणि उडदावणे-मुरशेतवरून परत शेंडी. कळसूबाई याच दिवशी उरकायचा विचार सोडून द्या. १६४६ मीटरचं शिखर आहे ते, बारी गावातून पहाटे चढायचं, त्याला आख्खा दिवस द्या.

तंबूत राहणार असाल तर बुकिंगच्या वेळी संगीत-बिंगीत सोडा, दोन गोष्टी विचारा: संडास पक्का आहे का, आणि तंबू पाण्यापासून किती लांब? तंबूचं वरचं कापड आतल्याला चिकटलेलं असेल तर पहाटेचं दव थेंबाथेंबाने पांघरुणावर उतरतं. दोऱ्या ताणून मधे हवा खेळेल असं करून घ्या. डिसेंबरात थंडी हाडात शिरते, कानटोपी हवीच.

जेवण गावातल्या घरात सांगा, पण सकाळीच सांगा, आयत्या वेळी गेलात तर पिठल्यावर भागवावं लागेल. नागलीची भाकरी, ठेचा, आणि मिळालं तर हुलग्याचं शेंगोळं. माझ्या सासूबाई, ज्यांना बाहेरचं काही म्हणजे काही पसंत पडत नाही, त्यांनी शेंगोळं दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.

आणि पोहायचं म्हणाल तर नको. काठापासून चार पावलांवर तळ एकदम खोल जातो. उकडत असेल तर काठावर बसून तांब्याने अंघोळ करा, साबण न लावता.