आजीच्या रुपयांची थैली सराफाकडे नेताय? आधी या चुका टाळा

आमच्या विट्याच्या भागात गावोगावी गलाईवाले. कुणी केरळात, कुणी बंगालात सोनं-चांदी आटवतो. दिवाळीला सगळे घरी आले की कुणाच्या तरी फडताळातून जुन्या रुपयांची थैली निघतेच. गेल्या दिवाळीत मावशीनं माझ्यापुढे 21 रुपये ओतले. "बघ रं, किती चांदी हाय ती." फ्रिजवरचा चुंबक फिरवला, तर नऊ टपाटप चिकटले. मागं वाघ, साल 1947. चांदीचा कणही नाही, सगळं निकेल.

'राणीछाप', 'राजाछाप' म्हणून आपण मोकळे होतो, तिथंच फसतो. छाप नंतर, आधी साल वाचा. 1835 ते 1939 पर्यंतच्या रुपयात 91.7 टक्के चांदी. 1940 ते 1945 च्या रुपयात निम्मीच. उरलेलं तांबं, निकेल, जस्त. 1947 पासून चांदी संपलीच. स्वतंत्र भारताचा 1950 चा रुपयासुद्धा निकेलचाच.

आता गंमत बघा. 1938 चा आणि 1944 चा रुपया काट्यावर सारखाच भरतो, एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम. त्यामुळे वजनावर विसंबू नका. कडेला नख फिरवा: 1940 पासूनच्या रुपयाला दात्यांच्या मधोमध बारीक खाच लागते. चुंबकाचंही तसंच. चिकटला तर चांदी नाही हे नक्की, पण चिकटला नाही म्हणून चांदी ठरत नाही. 1918 नंतरची चवली (दोन आण्यांचं नाणं) बहुतेक तांबं-निकेलची आहे, तीही चिकटत नाही.

सगळी थैली एकदम काट्यावर टाकू नका, ढीग वेगळे करा. चांदी ग्रॅमला 100 रुपये धरली, तर जुन्या रुपयात 10.69 ग्रॅम म्हणजे 1069 रुपये, निमचांदीच्या रुपयात 583. त्यातून झीज आणि सराफाची घट वजा. सरसकट निमचांदीचा भाव लागला तर चांगल्या रुपयांची माती होते.

चिंच-मीठ लावून घासणं तर बंदच करा. चांदीच्या भावात विकायचं असेल तर फरक पडत नाही, पण संग्राहक घासलेल्या आणि माळेसाठी कडी डाखलेल्या नाण्याचे पैसे कापतो. जुनं म्हणजे दुर्मिळ, हेही खरं नाही. 1862 चे रुपये ढिगानं मिळतात, कारण तेच साल कोरून टांकसाळी पुढं अनेक वर्षं नाणी पाडत राहिल्या. उलट 1939 चा रुपया महाग. म्हणून नकलीही त्याच्याच जास्त.

पिवळं, कमळाचं 20 पैशांचं नाणं सोन्याचं नाही, अ‍ॅल्युमिनियम-ब्रॉन्झचं आहे. आणि 1818 चा राम-दरबार छापलेला 'कंपनीचा आणा', जो तांदूळ ओढतो म्हणतात? असं नाणं कंपनीनं कधी पाडलंच नाही. 'राइस पुलर' म्हणून दाखवायला येणाऱ्याला चहासुद्धा देऊ नका. जुनी नाणी घेतो म्हणून आधी कमिशन मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्येच सावध केलंय.

मावशीच्या हिशोबात 21 तोळे होते, म्हणजे 245 ग्रॅम. वाघाचे नऊ बाजूला काढले. उरलेल्यांत सात पंचम जॉर्जचे, पाच 1944 चे. चांदी भरली जेमतेम 104 ग्रॅम. तिनं वाघ परत थैलीत टाकले आणि म्हणाली, "ह्ये र्‍हाऊ देत, लेकरांना खेळाया."