ट्रॅक मोटर बदलायला शिकताना

२०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि मी नेमका त्याच वर्षी आयटीआय करून बाहेर पडलो. खाणीवरच्या गॅरेजची आशा संपली, म्हणून डिचोलीत पोकलेन दुरुस्त करणाऱ्या एका मेस्तांच्या हाताखाली लागलो. हे काम नव्याने शिकणाऱ्यांसाठी तेव्हाची एक गोष्ट सांगतो.

२० टनी पोकलेनची ट्रॅक मोटर, म्हणजे ट्रॅकची लोखंडी चेन तेलाच्या दाबावर फिरवणारी मोटर, गिअरच्या डब्यासकट बदलायची होती. मोटर गळत होती, पण अजून फिरत होती. सगळं धूड मिळून ३०० किलोच्या आसपास. मला भीती त्या वजनाची होती.

आधी चेन सैल करायची. चेनला ताण देतो तो ग्रीसने भरलेला सिलिंडर, आणि त्याचा व्हॉल्व्ह ट्रॅकच्या बाजूला झाकणाआड असतो. पावसाळ्यातला लाल चिखल तिथे विटेसारखा घट्ट बसला होता. तो खरवडून मी पाना लावला आणि एक फेरा फिरवला. ग्रीस येईना. अजून थोडं फिरवू म्हणून पुन्हा पाना धरला, तोच मेस्तांनी दंडाला धरून मला मागे खेचलं.

"अरे, ग्रीस आलं नाही म्हणजे दाब आत कोंडलाय. व्हॉल्व्ह सुटला तर तुझ्या छातीत बसेल!"

त्यांनी सगळ्यांना लांब केलं. ऑपरेटरने बूम, म्हणजे मशीनचा पुढचा हात, टेकवून ती बाजू उचलली आणि चेन हळूच पुढे-मागे फिरवली. तेव्हा कुठे काळं ग्रीस दोरीसारखं बाहेर आलं. व्हॉल्व्ह एका फेऱ्यापलीकडे ढिला करायचा नाही आणि त्याच्या समोर तोंड न्यायचं नाही. त्या दाबाचं ग्रीस कातडी फोडून आत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक हॉस्पिटल गाठा.

पुढचं काम सावकाश करायचं. उचललेलं मशीन बूमच्या भरवशावर ठेवू नका, खाली लाकडी ठोकळे हवेतच. पावसात ते चिखलात रुततात, म्हणून आम्ही आधी लोखंडी पत्रा टाकायचो. बकेट जमिनीवर, इंजिन बंद, चावी चालू ठेवून सगळे लिव्हर हलवायचे, मग टाकीचा दाब सोडायचा. त्याशिवाय होजला, म्हणजे तेलाच्या रबरी नळीला, पाना लावू नका. होजवर नंबर घाला, सुटलेली तोंडं लगेच बुचाने बंद करा.

जुन्या तेलात पितळी चकाकी दिसली तर नवी मोटर बसवायची घाई नको. लाइन धुवा, फिल्टर बदला, केस ड्रेनची नळी, म्हणजे मोटरच्या कवचात झिरपलेलं तेल टाकीत परत नेणारी नळी, तुंबलेली नाही ना ते बघा. ती तुंबली असेल तर नव्या मोटरचंही सील फुटतं. बसवल्यावर मोटरच्या केसमध्ये हायड्रॉलिक तेल भरूनच इंजिन चालू करायचं. मी अजूनही ऑपरेटरला चावी देण्याआधी केसचं तेल भरायचं बूच स्वतः उघडून बघतो.